जेठसुद्धा पीठ मळतील

जेठांशी मी बोलत नाही. भांडण नाही, अबोला नाही. पद्धत आहे. धाकट्या भावाच्या बायकोनं मोठ्या दिराशी तोंडातोंडी बोलायचं नाही, एवढंच. लग्न होऊन मी तापीकाठच्या या गावात आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पदर कुठपर्यंत ओढायचा ते माझ्या कपाळावर बोट टेकवून दाखवलं. तेव्हापासून पदराच्या पलीकडचा तो माणूस मी कडेकडेनंच पाहिलेला आहे. त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या चपला माझ्या जास्त ओळखीच्या.

मग आमचं चालतं कसं, असं पुण्यामुंबईच्या बायका डोळे मोठे करून विचारतात. अहो, झकास चालतं! दोन घरांचं अंगण एक, मधे गोठा, आणि गोठ्यात म्हैस. जेठ गोठ्याच्या दाराशी येतात आणि म्हशीला सांगतात, "आज जेवाले चार मानसं जास्त शेतस." मी चुलीपाशी बसून म्हशीलाच विचारते, "भाकरी टाकू का पोया?" ते म्हशीला म्हणतात, "भाकरी." म्हैस दोघांकडे आळीपाळीनं बघते आणि रवंथ करते. आमच्या घरातले निम्मे निर्णय तिच्या साक्षीनं झालेले आहेत.

म्हशीच्या आधी हे काम जेठांची मुलगी करायची. माझी पुतणी. नीट चालताही येत नव्हतं तेव्हापासून ती आमचा टपाल विभाग होती. "काकूले सांग, भाजीमा मीठ जास्त पडनं." ती दुडुदुडु माझ्याकडे यायची, वाटेत क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "पप्पा म्हनतस, भाजी एक नंबर शे." मी म्हणायचे, "पप्पाले सांग, मन्हा हात शे, कोनी दुसऱ्याना नही." ती परत जाऊन सांगायची, "काकू म्हने, उद्या मीठ कमी टाकसू." दोन्हीकडे शांतता! पुढे ती पुण्याला शिकायला गेली, स्पॅनिश शिकली आणि एका कंपनीत दुभाषी झाली. गावाला केवढं नवल! मला कसलं नवल? पोरीनं घरचाच धंदा पुढे चालवला होता.

तिथेच तिला तो भेटला. स्पेनचा. उंच, लाजाळू, तिखट खाल्लं की कान लाल होणारा. तिनं घरी सांगितलं तेव्हा जेठ बरेच दिवस म्हशीशीसुद्धा बोलले नाहीत. मग एका सकाळी गोठ्याच्या दाराशी उभे राहून त्यांनी निकाल दिला. माझी जेठाणी, म्हणजे मुलीची आई, तेव्हा शेजारीच शेण भरत होती. पण निकाल म्हशीला आणि म्हशीमार्फत मला.

"शहादाले लॉनवर लगीन लागी. हार घालतीन, जेवतीन, चालना जातीन. गाना-बिना काही नही. त्या बाहेरना लोके, त्यासले शिव्या देसूत का आपुन?"

आता ही गाणी काय असतात ते सांगायला हवं, नाहीतर माझा संताप तुमच्यापर्यंत पोचणार नाही. आमच्याकडे लग्नात मुलीकडच्या बायका मुलाच्या आईला, म्हणजे विहिणीला, गाण्यातून शिव्या देतात. रागानं नव्हे, हक्कानं. तू आमच्याकडे येशील, जाडी भाकरी थापशील, धुरानं रडशील, आमची पोर पाटावर बसेल आणि तू तिला वाढशील. सगळं उलटंपालटं! उद्यापासून पोर तिच्या हाताखाली जाणार, हे गाणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. म्हणून त्या तासाभरापुरतं पुढे काय होणार ते आम्ही ठरवतो. आणि विहिणीनं गप्प बसायचं नसतं. तिनं तितकंच झणझणीत उत्तर द्यायचं, नाहीतर हरली म्हणून नारळ द्यायचा. एका लग्नात विसरवाडीची विहीण आली होती. तिचं घर हायवेला लागून, म्हणून मी गायले की ट्रकच्या हॉर्नशिवाय हिला झोप येत नाही, आमची पोर हिच्या उशाशी भोंगा वाजवील. ती बाई उठली, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "भोंगा कसाले? तुन्हा गया शे ना!" मांडव डोक्यावर घेतला होता लोकांनी. आजही ती भेटली की आधी माझ्या गळ्याची चौकशी करते. शिव्या दिल्या की नातं लागतं. पाहुण्यांना कुणी शिव्या देत नाही. त्यांना बाटलीतलं पाणी देतात.

आणि आणखी एक. गाण्यात पदर लागू नसतो. गाणारी बाई सासऱ्याला, जेठाला, गावाच्या पुढाऱ्याला नाव घेऊन काहीही म्हणू शकते. आख्ख्या वर्षात मला जेठांशी बोलायची परवानगी असलेली ती एकच जागा. म्हणजे त्यांनी फक्त गाणी बंद केली नव्हती, माझं तोंडही बंद केलं होतं. आणि ते सांगायला उभे होते म्हशीपुढे!

त्या दुपारी पुतणीचा फोन आला. आवाज एवढासा.

"काकू, गाना नहीत ना, तं ती विहीन नही. ती पाहुनी. आनि मी त्या पाहुनीना मांगे मांगे चालनी जासू."

"पप्पाले सांग ना तू."

"मी सांगसू तं रडसू. तू गाय ना काकू. तुन्हा गयाले कोन थांबाडी?"

मी काय म्हणाले ते आठवत नाही, पण हातातली परात मी एवढ्या जोरानं ठेवली की म्हैस उठून उभी राहिली.

गाणार हे ठरलं. अडचण एकच. अहिराणीत शिवी दिली तर त्या बाईला कळणार कसं? तिला कळली नाही तर ती शिवी नव्हे, नुसता आवाज. पुतणी म्हणाली, मी भाषांतर करीन. मी म्हटलं, मुळीच नाही. तू लहानपणी माझ्या प्रत्येक शिवीची भाजी करून वाढलीस. ही शिवी मी स्वतः वाढणार. मला एक क्रियापद दे. एकच. पण भविष्यकाळात दे, कारण आमची सगळी गाणी पुढचंच बोलतात.

"कोनतं पाहिजे?"

मी समोरच्या परातीकडे पाहिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी पुरणाचे मांडे करायचे होते, ते मात्र जेठांनीही बंद केले नव्हते. मांड्याची कणीक म्हणजे चेष्टा नाही. मिठाच्या पाण्यात भिजवायची, तेलाचा हात लावून तिंबायची, उचलून परातीत आपटायची, पुन्हा तिंबायची. मग पुरण भरून ती दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. मी म्हटलं, "कणीक मळणं. ते दे."

अमासार. म्हणजे मळणे. पुतणीनं फोनवरून शिकवलं, आणि काय सोपं करून शिकवलं! म्हणाली, काकू, वर्तमानकाळात हे लोक शब्दाचं शेपूट कापतात आणि दुसरं लावतात. भविष्यकाळात काही कापायचं नाही. आख्खा अमासार तसाच ठेवायचा आणि पुढे शेपूट जोडायचं. मी मळीन, अमासारे. तू मळशील, अमासारास. तो मळेल, ती मळेल, दोघांना एकच, अमासारा. आम्ही मळू, अमासारेमोस. तुम्ही मळाल, अमासारेइस. ते मळतील, अमासारान.

"आनि दुसरा शब्द आला तं?"

"शेपूट तेच. खाणं असो, जाणं असो, जगणं असो. दोनचार अडेल शब्द शेतस, त्या मधमा वाकडा व्हतस. पन शेपूट त्यासलेबी हेच."

मी खूश! म्हटलं, हे तर आपल्यासारखंच झालं. मी मळसू, तू मळशी, तो मळी, आम्ही मळसूत, तुम्ही मळशात, त्या मळतीन. शेपूट सांगतं कोण मळणार ते. शाळेत आम्हाला सांगायचे, अहिराणी बोलू नका, शुद्ध बोला. आणि सातासमुद्रापलीकडचे लोक आमच्यासारखंच बोलून बसले होते! गुरुजी हयात असते तर त्यांच्या दारात उभी राहून सहाही रूपं म्हटली असती.

एक सूचना मात्र तिनं दोनदा दिली. जोर शेपटावर. अमासारे म्हणताना शेवटचा रे ठणकावायचा. रा ठणकावायचा. फक्त आम्ही मळू म्हणताना शेवटचा मोस हलका सोडायचा, जोर त्याच्या अलीकडच्या रे वर. नाहीतर कानाला दुसरंच काहीतरी वाटतं.

जोर द्यायची आम्हाला काय पंचाईत? उन्हाळ्याचे दिवस, अंगणात पापडाचं काम चालूच होतं. गल्लीतल्या बायका यायच्या, उडदाचा गोळा कुटायच्या. मी त्यांना मुसळाच्या ठोक्यावर शेपूट लावायला शिकवलं. अमासा, ठोका, रे! अमासा, ठोका, रास! पहिल्या दिवशी निम्म्या जणी हसून लोळल्या. दुसऱ्या दिवसापासून कुणाला अडवायची सोय राहिली नाही. समोरची म्हातारी तर झाडू मारतानाही अमासारान अमासारान करत सुटली. जेठाणी तेवढी घाबरलेली.

"मायबाई, त्यासनी आयकं तं?"

"ऐकू देत. स्पॅनिश शे. त्यासले काय समजी?"

जेठ एकदा खरंच आले. मुसळं हवेत. ते म्हशीपाशी थांबले.

"काय चाली ऱ्हायनं शे आठे?"

मी म्हशीला सांगितलं, "पापड करी ऱ्हायनूत."

"पापडसले येवढा मंतर लागस का?"

"या वरीसना उडीद कडक शेतस," मी म्हटलं. चपला क्षणभर तिथेच राहिल्या, मग वळल्या. नंतर ते कडुलिंबाखाली खाट टाकून दुपारभर पडलेले असायचे, तोंडावर उपरणं घेऊन. झोपलेले. आम्ही तसंच समजत होतो.

माझ्या नवऱ्याला मी सांगितलं नव्हतं. तो पुरुषोत्तमनगरला कारखान्यात कामाला, संध्याकाळी दमून येतो. एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "दादा नही म्हनतस, तं कसाले हट्ट?" मी त्याच्या ताटात भाजी वाढली आणि म्हटलं, दादांनी आपल्या मुलीला रीतसर विहीण मिळू द्यावी, मग मी हट्ट सोडते. त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली की त्याला माझा कोणता सूर कुठे जातो ते कळतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर, विहीण आमचं घर बघायला आली. शहाद्याहून गाडीतून. बुटकी, रुंद, पिकलेले केस कानापर्यंत कापलेले, आणि उन्हानं टोमॅटो झालेली. जेठांनी तिच्यासाठी अंगणात प्लास्टिकची खुर्ची मांडली होती, शेजारी टेबल, टेबलावर पाण्याची बाटली. मुलगा मागे उभा. सोबत आलेले दोघंतिघं भिंतीला टेकून. पुतणी आईशेजारी, हात बांधून. सगळे एकमेकांकडे बघून हसत होते, फोटो काढायच्या आधी हसतात तसं. बाई बाटलीतून एक घोट घ्यायची, हसायची, पुन्हा एक घोट. तिला वाटत असेल, कसली मुकी माणसं ही. मी पुतणीकडे पाहिलं. तिचं हसू ओठांवर होतं आणि डोळे मात्र घर सोडून निघालेले होते.

खापर तापलं होतं. माझ्यापुढे परात होती. जेठ खाटेवर ताठ बसलेले.

मी कणकेचा गोळा उचलला आणि परातीत असा आपटला की विहिणीच्या हातातलं पाणी हिंदकळलं. आणि गळा सोडला.

"मांडाना पीठ मी मळसू," माझ्या छातीवर हात, "अमासारे!"

बायका मागून: "अमासारे!"

विहिणीची मान झटकन वळली. मी थेट तिच्याकडे बोट केलं. "गोऱ्या हातसनी विहीनबाई, कोपर लगून तू मळशी, अमासारास!" पुतणीनं मला आधीच सांगितलं होतं, मोठ्या माणसांसाठी त्यांच्याकडे मानाचं वेगळं रूप असतं, ते वापर. मी म्हटलं, मान उद्या लॉनवर देऊ. शिवी तू म्हणूनच द्यायची.

बाईचं तोंड उघडं. बाटली हातात तशीच.

आता तिसरं. इथपर्यंत जेठ उठून उभे राहायला आले होते, हे मला चपलांवरून कळलं. जेठाणीनं डोळे मिटले. मी बोट फिरवलं, पदराखालून, नेम धरून. "जेठ बठना शे खाटवर, तोबी उद्या मळी, अमासारा!"

बायकांनी रा असा ठणकावला की लिंबावरचे कावळे उडाले. चौथ्याला मी दोन्ही हात पसरून सगळं अंगण कवेत घेतलं, पाचव्याला भिंतीला टेकलेल्या पाहुण्यांना ओढलं, सहाव्याला कुंपणाबाहेरून बघणाऱ्या शेजाऱ्यांनाही सोडलं नाही. सगळे मळणार! एकटी आमची पोर मळणार नाही! ती पाटावर बसणार!

शेवटचा रान ठणकावून मी थांबले.

हाच तो क्षण. विहिणीनं उत्तर दिलं तर ती विहीण. नाही दिलं, नुसतं हसून टाळ्या वाजवल्या, तर कार्यक्रम संपला आणि पाहुणी परत गेली. पुतणीनं भाषांतराला तोंड उघडलं, तेवढ्यात मी हात वर केला. तिनं मिटलं.

बाई खुर्चीतून उठली. बाटली टेबलावर ठेवली. सावकाश माझ्यासमोर आली, कमरेवर हात ठेवले, आणि परातीभोवतीच्या आम्हा सगळ्या बायकांवरून एक बोट फिरवत म्हणाली, "वोसोत्रास अमासारेइस." तुम्ही मळाल! मग तेच बोट स्वतःच्या छातीवर. "यो," आणि पोटावर दोन थापा, "कोमेरे!"

हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता. पण शेपूट माझ्या ओळखीचं होतं. रे! म्हणजे मी. आणि पोटावरच्या थापा तर जगात सगळीकडे एकच भाषा बोलतात. तुम्ही मळा, मी खाईन!

"अरे वा वं!" समोरची म्हातारी ओरडली. बायका हसून एकमेकींवर पडल्या. विहीण माझ्या गळ्यात पडली, तिचं सगळं वजन घेऊन, आणि माझ्या कणकेच्या हातांचे ठसे तिच्या निळ्या झग्याच्या पाठीवर उठले. पुतणी हसत होती आणि रडत होती आणि तिचे डोळे अंगणात परत आले होते. आता ती कुणाच्या मागे मागे जाणार नव्हती. तिची सासू आमच्या शिव्या खाऊन, उलटी शिवी देऊन घरची झाली होती. आता कुणी नाही म्हणून काय उपयोग?

पण गाण्यात नाव आलेली आणखी एक व्यक्ती होती, आणि तिचं उत्तर बाकी होतं. हळूहळू सगळ्या माना खाटेकडे वळल्या. मी पदर ओढून घेतला. गाणं संपलं होतं, माझी परवानगीही संपली होती. जमिनीकडे बघत मी वाट पाहिली. चपला निघाल्या. दाराकडे नाही, हौदाकडे गेल्या. पाण्याचा आवाज आला. मग नुसती पावलं, अनवाणी, ओली, माझ्या परातीच्या पलीकडे येऊन थांबली आणि खाली बसली. धोतराचा सोगा गुडघ्यावर गेला. सदऱ्याच्या बाह्या वर सरकल्या. नांगरानं घट्टे पडलेले दोन मोठे हात माझ्या कणकेत शिरले.

"अमासारे," जेठ म्हणाले.

मी मान वर केली. झालं ते झालं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा समोरून पाहिला. मिशीला पीठ लागलं होतं. गाण्यात त्यांच्या वाट्याला अमासारा आलं होतं, तो मळेल. त्यांनी मी मळीन म्हटलं. जोरही शेपटावरच दिला. म्हणजे लिंबाखाली उपरणं घेऊन हा गृहस्थ झोपलेला नव्हता!

जेठाणी पुटपुटली, "मायबाई, ह्या तं आयकी ऱ्हायनतात!"

मांडे फाटले, हे खरं सांगायला हवं. जेठांनी कणीक अशी रगडली की ती खापरावर जायच्या आधीच भोकं पडत होती. विहिणीनं ते फाटके मांडे आमरसात बुडवून खाल्ले, बोटं चाटली आणि दरवेळी जेठांकडे बोट करून काहीतरी म्हणाली. पुतणीनं त्याचं भाषांतर केलं, "पप्पा, सासू म्हने, मांडा एक नंबर शे." मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली.

दुसऱ्या दिवशी लॉनवर लग्न लागलं. तिथेही गाणी झाली. आणि ती कुणीही थांबवली नाहीत.

पुतणी आता तिकडे असते. टपाल विभाग कायमचा हलला. घरात पुन्हा म्हैस आणि आम्ही. परवा मी चुलीपाशी होते, सकाळची कामं उरकत होते. जेठ गोठ्याच्या दाराशी आले, म्हशीकडे बघून खाकरले. म्हैस सवयीनं तयार होऊन उभी राहिली. पण ते तिच्याशी बोललेच नाहीत. मान माझ्याकडे वळवून, जरा घसा साफ करून म्हणाले, "कोमेरे."

मी पदराला हात घातला, आणि सोडून दिला. जेठाशी बोलायचं नाही, हे सासूबाईंनी मला शिकवलं होतं. स्पॅनिशमधे बोलायचं नाही, असं त्यांनी काही सांगितलेलं नव्हतं. मी परात उचलली, त्यांच्यापुढे सरकवली आणि त्यांच्या तोंडाकडे सरळ बघत, मानाचं रूप असताना ते न वापरता, आयुष्यात पहिल्यांदा जेठांना तू म्हटलं.

"अमासारास!"